उरलेला रंग

माझ्या पेटीत सत्तावीस शेड आहेत.
पहिल्या एकवीस संपतात, पुन्हा मागवते.
शेवटच्या सहांची मुदत
झाकण न उघडताच संपते.

बारा वर्षं झाली या धंद्यात.
इंदिरानगरच्या नवऱ्या, ओझरच्या, सिन्नरच्या,
आणि सगळ्यांच्या आया कानाशी येऊन तेच सांगतात,
"थोडी उजळ करा. फार नको, दोन शेड."
करते मी.
चेहरा मांडवात जातो,
मान घरीच राहते.

त्या दिवशी पहिल्यांदा कुणी उलटं सांगितलं.
सराफ बाजारातल्या पेढीचं कॅटलॉग,
चांदीचे दागिने, नाव ठेवलेलं 'वनकन्या'.
वनकन्या मिन्स्कची होती.
क्सेनिया. गोदाघाटावर, पहाटे पावणेसहाला,
डिसेंबरच्या थंडीत उघड्या खांद्यांनी,
तक्रार एकही नाही.
दिग्दर्शक म्हणाला, "हिला ट्रायबल करा. चार-पाच शेड खाली."

खाली म्हणाला.
जिना असावा तसं,
आणि तळघरात कुणी राहत असावं तसं.

तारका भोये तिथंच उभी होती.
गाव सुरगाण्याच्याही पलीकडे,
पेढीच्या कारखान्यात रिठ्याच्या पाण्यात चांदी घासते,
साडेचारशे रोज.
तिला आणलं होतं गाठी मारायला,
कारण ती जुनी सरी मानेमागे कशी अडकवायची
ते आमच्यापैकी एकालाही येत नव्हतं.

"हिचाच हात घ्या ना," दिग्दर्शक म्हणाला, "रंग जुळवायला."

तारकाने बाही वर सरकवली,
इंजेक्शन घेताना सरकवतात तशी, दुसरीकडे बघत.
पलीकडे काळ्या रामाची काकडआरती सुरू झाली होती.
मी वाटीत कालवत राहिले.
एक बोट क्सेनियाच्या दंडावर,
एक नजर तारकाच्या.
लाल झाला. मग राखाडी झाला. पुन्हा पुसा.
खरं सांगते, सोपा नव्हता तो रंग.
त्यात आत कुठेतरी पिवळा होता,
नागलीच्या भाकरीच्या कडेला असतो तसा,
आणि कोपराजवळ एक जांभळट झाक
जी माझ्या कंपनीने ऐकलेलीसुद्धा नसावी.
पाऊण तास गेला.
इतका वेळ मी कुणाच्या कातडीकडे
ती बदलायची नाही म्हणून
कधीच बघितलं नव्हतं.

मागे देवळाची भिंत. फोटोवाला खूश.
"दगडाचा टोन बघा! काळा असावा तर असा!"
मग तारकाला म्हणाला, "ताई, बाजूला होता का जरा,
भिंतीवर येताय तुम्ही."

दुपारी रंग उतरवला. एकतीस बोळे.
क्सेनिया आरशात बघून "सॉरी" म्हणाली.
मला म्हणाली की बोळ्यांना, कळलं नाही.
रात्रीच्या गाडीने तिला सुरतला पोचायचं होतं,
तिथे उद्या ती नवरी होणार होती.

वाटी धुवायला निघाले तर तारका मागे आली.
"उरलेलं टाकता का?"
हो.
"मग मला द्या. बहिणीचं लगीन आहे.
दुकानातलं लावलं की राख फासल्यासारखं दिसतं आमच्यावर."

व्हॅसलिनच्या रिकाम्या डबीत भरून दिलं.
पैसे घेतले नाहीत, आणि त्याचं मला
पेठ नाक्यापर्यंत फार कौतुक वाटत राहिलं.

पंधरा दिवसांनी फोटो आला फोनवर.
हळदीचा पिवळा मांडव, बहीण मधोमध, तारका शेजारी.
दोघी गोऱ्या.
दोघी गुळगुळीत, गुलाबी, कुणाच्याच नसलेल्या.
मी लगेच फोन लावला: "अगं, तो रंग?"
"तोच लावलाय की! मान नि तोंड एक झालं,
सगळ्या बाया हात लावून बघत होत्या.
मोबाईलच असं करतो, मॅडम. त्याला सांगावं लागत नाही."

फोटो मोठा केला. आणखी मोठा.
चेहऱ्यांवर काही सापडलं नाही.
खाली, बहिणीच्या खांद्यावर ठेवलेला
तारकाचा हात तेवढा
त्याच्या हाती लागला नव्हता.
कोपराजवळ ती झाक होती.